ओवी मागणारी माणसं

आमच्या शाळेत वाङ्मय मंडळाचं उद्घाटन दर वर्षी एकाच पद्धतीने व्हायचं. सरस्वतीच्या फोटोला हार, पाहुण्यांना नारळ, आणि मग एखाद्या पोराने उभं राहून फादर स्टीफन्सच्या मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्या म्हणायच्या. सातवीत तो मान मला मिळाला होता. पाठांतर चोख होतं, अर्थ फारसा कळला नव्हता. ओव्या संपल्यावर आमचे गुरुजी उभे राहिले आणि म्हणाले, "बघा मुलांनो, साहेबसुद्धा आपल्या भाषेपुढे वाकला!" टाळ्या पडल्या. मीही खूश झालो.

पुढची कितीतरी वर्षं फादर स्टीफन्स माझ्या डोक्यात एवढाच होता. आपल्या भाषेला सर्टिफिकेट देणारा गोरा माणूस. या माणसाने त्या चारपाच ओव्यांच्या मागेपुढे आणखी जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहिल्या आहेत, त्या कशासाठी लिहिल्या, कोणासाठी लिहिल्या, हा प्रश्न मला कधी पडला नाही. गुरुजींनाही पडला नसावा.

बऱ्याच वर्षांनी 'ख्रिस्तपुराण' हाती आलं. फादर कारिदाद द्रागो यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती, शेजारी आजच्या मराठीत गद्य अर्थ दिलेली. जाडजूड ग्रंथ. मनात वाचायला घेतला तर दहा मिनिटांत डोळे मिटायला लागले. मग एके दिवशी सहज मोठ्याने वाचून बघितलं, आणि गंमत म्हणजे ओवी आपोआप चालायला लागली. तीन चरणांना यमक, चौथा आखूड, जरा थांबायचं, पुढची ओवी. आई आतल्या खोलीत पडली होती. तिच्या लहानपणी घरी चातुर्मासात 'हरिविजय' लागायचा. ती उठून बाहेर आली, खुर्चीवर बसली आणि ऐकत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "कुठली रे ही पोथी? आमच्यात नव्हती ही." मी सांगितलं, ख्रिस्ताची. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "असू दे. थांबलास कशाला?"

तेव्हापासून या ग्रंथाने माझा पिच्छा सोडलेला नाही. जे वाचलं ते इथे मांडतो.

थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातला. जन्म १५४९ च्या सुमाराचा. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात तिथे कॅथलिक असणं धोक्याचं होतं. थॉमस पाऊंड नावाचा त्याचा एक मित्र धर्मापायी तुरुंगात गेला आणि सुमारे तीस वर्षं तिथेच राहिला. स्टीफन्स देश सोडून रोमला गेला आणि १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाला. १५७९ च्या एप्रिलमध्ये त्याने लिस्बनहून जहाज पकडलं आणि ऑक्टोबरात गोव्याला पोचला. भारतात येऊन स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून त्याचं नाव घेतात. ईस्ट इंडिया कंपनी अजून जन्मायची होती. पोचल्यावर त्याने वडिलांना लिहिलेलं पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापलं गेलं. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात तर त्याने इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते असं नोंदवलंय. विल्यम जोन्सने हीच गोष्ट कलकत्त्यात सांगितली ती १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी.

म्हणजे माणूस कानाचा पक्का होता, यात शंका नाही. पण तो ज्या भूमीवर उतरला तिथे तेव्हा काय चाललं होतं, ते आमच्या गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

स्टीफन्सचं जवळजवळ सगळं आयुष्य गेलं साष्टीत, म्हणजे मडगाव-राशोलच्या मुलखात. त्याच्या येण्याआधी बारा वर्षं, १५६७ मध्ये, राशोलच्या किल्ल्याच्या पोर्तुगीज कप्तानाने साष्टीतली देवळं पाडली आणि जाळली. त्यांची संख्या शेकड्यांत होती. आज आपण मंगेशीला जातो, कवळ्याच्या शांतादुर्गेला जातो. हे देव तिथले नव्हेत. मंगेश कुशस्थळीचा, शांतादुर्गा केळशीची. दोन्ही गावं तेव्हा साष्टीतच मोडायची. त्या धामधुमीत लोकांनी देव उचलून नदीपलीकडे नेले. ज्यांना जमलं ते देवामागून गेले. ज्यांची शेतं, घरं, म्हातारी माणसं मागे होती ते राहिले, आणि राहिलेल्यांपैकी कित्येक ख्रिस्ती झाले. इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झालं होतं. देवळांबरोबर पोथ्याही गेल्या. घरात जुनी पोथी सापडणं हा गुन्हा ठरला.

१५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारलं. त्यांत अकबराच्या दरबारी जाऊन आलेला रुडॉल्फ अक्वाविवा होता. नंतर पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि ठार केलं. स्टीफन्स त्या वेळी साष्टीतच होता. मारल्या गेलेल्या पाद्र्यांचे देह परत मिळवण्यात त्याचाही हात होता. म्हणजे हे सगळं त्याने कुठे वाचलेलं नव्हतं, बघितलेलं होतं.

स्वतःच्या देशातून धर्मापायी निघालेला माणूस अशा ठिकाणी आला, की जिथे त्याच्याच पंथाची सत्ता इतरांचा धर्म पुसत होती. याचं त्याला काय वाटलं असेल? पुराणात मला तरी कुठे पश्चात्ताप दिसला नाही. मूर्तिपूजेवर त्याची टीका आहे आणि ती सौम्य नाही. उगीच त्याला आजचा उदारमतवादी बनवायचं कारण नाही. तो धर्मप्रचारक होता.

पण त्याने एक गोष्ट नोंदवून ठेवली, आणि माझ्या दृष्टीने अख्ख्या ग्रंथाची किल्ली तिथे आहे.

पुराणाच्या सुरुवातीलाच तो ग्रंथाचं निमित्त सांगतो. ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीपाशी येऊन म्हणतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत. आता त्यांच्या जागी दुसरी का करून देत नाही? प्रार्थना आहे, धर्माची शिकवण आहे, ते सगळं ठीक. पण वाचायला, ऐकायला, चार माणसांत बसून वेळ घालवायला काहीतरी हवंच की.

हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. विचार करा. या माणसाचा देव गेला, देऊळ गेलं, नाव बदललं, बहुधा पोशाखही. तो काय मागतोय? जुना देव परत द्या असं तो म्हणत नाही, म्हणू शकतही नाही. संध्याकाळी दिवा लावून बसायचं आणि कोणीतरी ओव्या वाचायच्या, ती सवय त्याला परत हवी आहे. देव तुमचा चालेल, पण पोथी आमच्यासारखी द्या!

आता कोणी म्हणेल, ही कवीची युक्ती असेल. शिष्याने विचारायचं आणि गुरूने सांगायचं, ही पुराणांची जुनी रीतच आहे. असेलही. पण युक्ती म्हणून घेतली तरी पाद्रीने त्या शिष्याच्या तोंडी 'तुम्ही बंद केलीत' हे वाक्य घातलंय, ते पुसता येत नाही. पोकळी होती, ती कोणी केली हे ठाऊक होतं, आणि ती भरायला पोर्तुगीज प्रवचन पुरणार नाही हेही कळलं होतं.

आणि मग तो पाद्री ते पुराण लिहितो. भारतात येऊन सदतीस वर्षं झाल्यावर, १६१६ मध्ये, राशोलला ते छापून निघतं. तेव्हा त्याचं वय सदुसष्टच्या आसपास. तीन वर्षांनी तो वारला. म्हणजे ही तरुणपणची हौस नव्हे, आयुष्याची कमाई होती.

पहिल्या छपाईला पुराण हे नाव नव्हतं. तारक येशू ख्रिस्ताच्या जगात येण्याविषयी प्रवचन, अशा अर्थाचं पोर्तुगीज शीर्षक होतं. 'पुराण' हे नाव नंतर रुळलं. मला तर यात लोकांनी आपलं म्हणणं खरं केलेलं दिसतं. रचना मात्र पहिल्यापासून पुराणाचीच. पैलें पुराण जुन्या कराराचं, सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताची वाट पाहणाऱ्या संदेष्ट्यांपर्यंत. दुसरें पुराण नव्या कराराचं, ख्रिस्ताच्या जन्मापासून पुढे. अध्यायांना म्हटलंय अवस्वर, आणि असे पंचाण्णव. सुरुवातीला गणेश-शारदेच्या जागी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांना नमन. आपली पोथी ऐकलेल्या माणसाला पहिल्या पानापासून घरात आल्यासारखं वाटावं, अशी ही मांडणी. आईला ती कुठली पोथी ते ओळखू आलं नाही, याचं श्रेय स्टीफन्सलाच.

काळ लक्षात घ्या. स्टीफन्स गोव्यात उतरला तेव्हा पैठणला एकनाथ हयात होते. एकनाथी भागवत पुरं होऊन सहाच वर्षं झाली होती. तुकोबा जन्मायचे होते. एकनाथांच्या ओवीची जी घडण, तीच स्टीफन्सच्या ओवीची. हे त्याला अवगत झालं कसं? त्याचाही माग लागतो आणि तो मन खट्टू करणारा आहे. जेझुइटांनी इथला धर्म खोडून काढायला म्हणून इथले ग्रंथ मिळवले होते. एका नवख्रिस्ती तरुणाने पलीकडच्या मुलखातल्या एका ब्राह्मणाच्या घरातून, त्याने वर्षानुवर्षं खपून उतरवून काढलेल्या पोथ्या चोरून आणल्याची हकीकत त्यांच्याच पत्रांत आहे. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरातल्या ग्रंथालयात आजही रोमन लिपीत उतरवलेली गोमंतकातली जुनी मराठी आणि कोकणी हस्तलिखितं आहेत. त्यांत कृष्णदास शामाचं कृष्णचरित्रही आहे. इथे ज्या पोथ्या जाळल्या, त्यांच्यातल्याच काही तिथे वाचल्या. इतिहासाला लाजबीज काही नसते, हेच खरं.

लिपीची गोष्ट तर आणखी चुटपुट लावणारी. गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला होता, पण त्यात देवनागरी खिळे नव्हते. स्टीफन्सने १६०८ मध्ये रोमला वरिष्ठांना पत्र लिहून परवानगी मागितली. या लिपीची अक्षरं जोडाक्षरं धरून सहाशेच्या घरात जातात, पण दोनशे साच्यांत काम भागवता येईल, असा त्याचा हिशोब होता. ते काही झालं नाही. 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापलं गेलं. मराठीत छापलेल्या सर्वांत जुन्या ग्रंथांपैकी हा एक, आणि त्यात मराठीचं एकही अक्षर मराठी लिपीत नाही! देवनागरीत मराठी छापली ती विल्यम कॅरीने, सिरामपूरला, १८०५ मध्ये. दोनशे साच्यांची ती परवानगी मिळाली असती, तर आपल्या छपाईचा इतिहास दोनशे वर्षं मागे गेला असता.

शब्दांकडे बघितलं की स्टीफन्सची कसरत दिसते. स्वर्गाला तो सरळ वैकुंठ म्हणतो. नरकाला यमपुरी. हे शब्द लोकांच्या ओठांवर होते, ते त्याने नव्या कामाला लावले. पण जिथे अर्थाचा घोटाळा होईल अशी धास्ती वाटली, तिथे पोर्तुगीज शब्द तसाच ठेवला. पवित्र आत्म्याला 'स्पिरितु सांतु'. देव म्हटलं तर चालेल, पण आत्मा म्हटलं की वेदान्त येणार, म्हणून ही सावधगिरी असावी. पुढे लंडनच्या एका संग्रहात या पुराणाची देवनागरी प्रत असल्याचं जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२० च्या दशकात उजेडात आणलं. आपल्या संतकवींचं इंग्रजी करणारे हेच ते मिशनरी अ‍ॅबट. त्या प्रतीत पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. मूळ कुठलं आणि नंतरचं कुठलं, यावर अभ्यासकांचा वाद आहे. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं, की कोणीतरी हे पुराण देवनागरीत आणि जास्त देशी शब्दांत उतरवून घेतलं होतं. स्टीफन्सचा अर्धा राहिलेला मनसुबा कोण्या अनाम लेखकूने हाताने पुरा केला, असं म्हणायचा मोह होतो.

आणि खरंच, हा ग्रंथ वाचला तो हातांमुळेच. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा तो छापला गेला. त्या तिन्ही छपायांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये तर पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. आधी लोकांची पुराणं बंद केली. मग त्यांच्या भाषेत नवं पुराण दिलं. मग ती भाषाच बंद करायला निघाले! लोकांनी काय केलं? प्रती उतरवून घेतल्या. गोव्यातून कानडा मुलखात गेलेली कुटुंबं त्या बरोबर घेऊन गेली. पुराण उपासाच्या दिवसांत आणि सणावारी वाचत राहिली. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरला ते पुन्हा छापलं, रोमन लिपीतच. देवनागरी आवृत्ती यायला १९५६ उजाडलं. शांताराम बंडेलू यांनी ती पुण्याहून काढली. आमच्या गुरुजींच्या टाळीमागे एवढ्या माणसांची मेहनत होती.

इथे मला रेव्हरंड टिळक आठवतात. स्टीफन्सनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, रत्नागिरीकडच्या करजगावात जन्मलेले नारायण वामन टिळक १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांच्यावर किल्लेदाराची तलवार नव्हती, इन्क्विझिशन नव्हतं. त्यांनी जे केलं ते स्वतःच्या शोधातून केलं, आणि त्याची किंमत बरीचशी लक्ष्मीबाईंनी मोजली. ते सगळं 'स्मृतिचित्रे'त आहे, मी काय सांगणार! पण धर्म बदलल्यावर टिळकांनी लिहिलं काय? अभंग. केलं काय? कीर्तन. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, अशी त्यांची भावना होती. चर्चमधली इंग्रजी चालीवरची भाषांतरित गाणी त्यांना पुरेनात. आणि आयुष्याच्या उत्तरार्धात ख्रिस्ताचं चरित्र त्यांनी मोठ्या काव्यात लिहायला घेतलं, 'ख्रिस्तायन'. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा जेमतेम सुरुवातीचे अध्याय झाले होते. पुढचा बहुतेक सगळा भाग लिहिला लक्ष्मीबाईंनी. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून ऊर फुटेस्तोवर रडलेल्या, लग्नानंतर अक्षरं गिरवायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी. त्याही १९३६ मध्ये गेल्या, आणि ग्रंथ १९३८ मध्ये बाहेर आला.

स्टीफन्सपुढचा तो ब्राह्मण आणि टिळक, दोघांची परिस्थिती अगदी उलटी. एकावर धर्म आला तो सत्तेच्या सावलीत, दुसऱ्याने तो शोधून घेतला. पण दोघांनी मागितलं एकच. एकाने ओवी मागितली, दुसऱ्याने अभंग. श्रद्धा बदलता येते, बदलवलीही जाते. पण ज्या लयीत माणूस लहानपणी आईच्या मांडीवर बसून देवाचं नाव ऐकतो, ती लय सोडायला तो तयार नसतो.

म्हणून 'साहेब आपल्या भाषेपुढे वाकला' हे मला आता पटत नाही. साहेब वाकला तो मागणाऱ्यांपुढे. सगळं गमावलेल्या लोकांनी एका गोष्टीचा हट्ट सोडला नाही, आणि त्या हट्टापायी एका इंग्रज माणसाला मराठी कवी व्हावं लागलं. त्याच्या प्रतिभेबद्दल मला आदरच आहे. पण त्या बिननावाच्या ब्राह्मणालाही वाङ्मय मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी एक नमस्कार घालायला हवा होता.

आणि हे पुराण वाचताना जो आनंद होतो तो घ्यावा की नाही? जळलेल्या देवळांच्या राखेवर उगवलेली ही ओवी, ती गोड कशी मानायची? हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारलाय. माझ्यापुरतं उत्तर असं, की दोन्ही लक्षात ठेवायचं. राखही आणि ओवीही. राख विसरून ओवी गायली तर ती टाळ्यांपुरती उरते. आणि राखेसाठी ओवी टाकून दिली, तर जपून, लपवून, उतरवून ती आपल्यापर्यंत आणणाऱ्या माणसांचा दुसऱ्यांदा अपमान होतो.

२०१९ मध्ये वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा काहींनी आक्षेप घेतला होता, की एक ख्रिस्ती धर्मगुरू मराठीचा अध्यक्ष कसा? संमेलन जानेवारी २०२० मध्ये झालं, फादर अध्यक्ष झाले. 'सुबोध बायबल' लिहिणारा हा माणूस २०२४ मध्ये गेला. ते आक्षेप वाचताना मला सारखा राशोलचा तो छापखाना आठवत होता. तुकोबा आठ वर्षांचे असताना तिथे मराठी ओवी छापली जात होती, ख्रिस्ताची. मग मराठी कोणाची, हे आता कोणी ठरवायचं?

आई आता नाही. पुराणाचे शेवटचे काही अवस्वर तिला वाचून दाखवायचे राहिले. कधीतरी संध्याकाळी मी ते मोठ्याने वाचतो.